विजय अय्यरचा पियानो आणि नसरीनची रेघ

जॅझ पियानोवादक विजय अय्यरबद्दल मराठीत काही वाचायला मिळालंच तर ते बहुतेक एकाच धर्तीचं असतं, की तमिळ आईवडिलांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा, येलला गणित आणि फिजिक्स शिकला, बर्कलीला फिजिक्सच्या पीएचडीला गेला, ते सोडून संगीताकडे वळला, मग २०१३ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्रोफेसर, संपला लेख. हे सगळं खरंय आणि त्याचं कौतुक मलाही आहे. पण मला त्याच्यावर लिहावंसं वाटतंय ते वेगळ्याच कामासाठी, आणि त्या कामाचा धागा थेट आपल्या किहीमपर्यंत येतो. मांडव्याला उतरून अलिबागला जाताना जे किहीम लागतं तेच, दुसरं कुठलं नाही.

तर २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मॅडिसन अॅव्हेन्यूवर मेट ब्रॉयर नावाची नवी शाखा उघडली. मार्सेल ब्रॉयरने बांधलेली ती जड, दगडी, आधी व्हिटनी म्युझियमची असलेली इमारत. उघडताना त्यांनी जी प्रदर्शनं लावली त्यातलं एक होतं चित्रकार नसरीन मोहमदीचं, अमेरिकेतल्या म्युझियममधलं तिचं पहिलंच रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन. विजय अय्यर तेव्हा मेटचा आर्टिस्ट इन रेसिडेन्स, म्हणजे म्युझियमने काही काळ बोलावलेला कलाकार होता आणि त्या महिन्यात तो तिथे खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत वेगवेगळ्या सोबत्यांना घेऊन वाजवत होता, येणारे जाणारे लोक थांबून ऐकतायत असं. त्याच निमित्ताने मेटने त्याच्याकडून एक रचना करून घेतली, पियानो आणि ट्रम्पेटसाठी सात भागांची, म्हणजे सुईट, ट्रम्पेटवर वाडाडा लिओ स्मिथ. अल्बमचं नाव 'अ कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक', ईसीएम लेबल, निर्माता मॅनफ्रेड आयकर. रचना नसरीनला अर्पण केलेली, आणि भागांची नावं तिच्या डायऱ्यांमधल्या शब्दांवरून घेतलेली: 'ऑल बिकम्स अलाइव्ह', 'द एम्प्टी माइंड रिसीव्ज', 'लॅबिरिन्थ्स', 'अ डिव्हाइन करेज', 'अनकट एमराल्ड्स', 'अ कोल्ड फायर', 'नोट्स ऑन वॉटर'.

नसरीन कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९३७ कराचीचा, लहानपणीच घर मुंबईला आलं, १९५४ ते ५७ लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकली, मधे काही काळ बहारीनला वडिलांकडे, नंतर पॅरिस, मग १९७२ पासून बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला शिकवलं. शेवटची वर्षं हाता-पायावरचा ताबा हळूहळू कमी करत नेणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारात गेली. १९९० मध्ये किहीमलाच वारली, वय ५३. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. कागद, पेन्सिल, शाई, आणि रेघा. आडव्या, तिरक्या, एकमेकींच्या जवळ येणाऱ्या आणि मग लांब जाणाऱ्या. आपल्या वासुदेव गायतोंडेंना ती खूप मानायची, पण गायतोंडेंकडे निदान रंग आहे, हिने तोही काढून टाकला.

मी स्वतः सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली बाई. कॉम्प्युटर यायच्या आधी काही वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डवर काम केलंय, ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं. त्यामुळे दिल्लीला साकेतच्या किरण नाडर म्युझियममध्ये नसरीनची मूळ चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा मी त्यांच्याकडे चित्र म्हणून बघायच्या आधी काम म्हणून बघितलं, हे सांगायला हवं. शाईची लांब रेघ मारणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. पेन टेकवल्या क्षणी हात सुटला पाहिजे, एक क्षण जास्त थांबलात की सुरुवातीलाच शाईचा ठिपका जमतो. पट्टीची धार कागदाला चिकटून असली की शाई खाली शिरते, म्हणून धार वरच्या बाजूला करून धरायची. वेग सारखा ठेवायचा, हळू झालात की रेघ जाड होते, घाई केलीत की मधेच सुकी पडते. मधे थांबून परत सुरू केलं तर तो जोड दिसतोच, कितीही सराव असो. चूक झाली तर ब्लेडने हलकंच खरवडायचं आणि त्या जागी पुन्हा शाई फुटू नये म्हणून नखाने घासून कागद बसवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेघ संपेपर्यंत श्वास धरलेला असतो. कुणी शिकवत नाही, आपोआप होतं.

नसरीनच्या एकेका कागदावर अशा रेघा इतक्या जवळ जवळ आहेत की लांबून ती राखाडी छटा वाटते, आणि जवळ गेलं की दिसतं एकेक रेघ वेगळी आहे. पुस्तकात किंवा मोबाइलवर बघून वाटतं मशीनने मारल्यात, किंवा आत्ताच्या पोरांना वाटेल ऑटोकॅडचा प्लॉट आहे. तसं अजिबात नाहीये. शाई कुठे गडद, कुठे विरळ, एखादी रेघ टोकाला नुसती विझत जाते आणि दोन रेघांमधलं अंतर केसभर बदलतं आणि तेवढ्या बदलाने सगळा कागद वाकल्यासारखा होतो. आजाराने हात साथ देईनासा झाला तेव्हाही तिने हे काम सोडलं नाही, ड्रॉइंग टेबलाला आणि अवजारांना धरून ती रेघ मारत राहिली. मला ती चित्रं बघताना हे सतत डोक्यात होतं, काय करणार, ज्या हाताने हे केलंय त्याचा विचार येतोच.

आता इथे विजय अय्यर का, हा प्रश्न. चित्रावरून संगीत करणं ही गोष्ट जुनीच आहे, मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये मित्राच्या चित्रप्रदर्शनावर पियानोची मालिका लिहिली, गुंथर शुलरने १९५९ मध्ये पॉल क्लेच्या चित्रांवर ऑर्केस्ट्राच्या सात रचना केल्या आणि त्यात जॅझ आणलं. पण अशा कामांत बऱ्याचदा असं होतं की चित्रात घोडा असेल तर संगीतात टापा वाजतात, निळा रंग असेल तर काहीतरी उदास स्वर लागतो. मला ते फार वेळ ऐकवत नाही. आणि नसरीनच्या चित्रात तर घोडाही नाही न् निळाही नाही, मग वाजवणार काय? रेघ वर गेली की स्वर वर, असं केलं असतं तर ते पाच मिनिटांत संपलं असतं.

अय्यरने ते केलं नाही याचं कारण मला वाटतं त्याच्या पीएचडीत आहे. १९९८ चा त्याचा प्रबंध पश्चिम आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन संगीतावर आहे, आणि त्यातला मुख्य मुद्दा हा की लय ही डोक्यातली आकडेमोड नाही, ती शरीरातून येते. चालणं, श्वास, हाताची हालचाल. ऐकणारासुद्धा लय कळून घेतो ती स्वतःच्या शरीरातूनच. त्यात त्याने बारीक वेळेच्या फरकांवर खूप लिहिलंय, उदाहरणार्थ ड्रमर दुसऱ्या न् चौथ्या बीटला स्नेअरवर (तडतडणाऱ्या छोट्या ड्रमवर) काठी मारतो तो घड्याळाच्या हिशोबाने अगदी मधोमध पडत नाही, किंचित मागे पडतो, मिलिसेकंदांची गोष्ट, पण तेवढ्यानेच ऐकणाऱ्याचं अंग हलायला लागतं. तबला ऐकणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. ठेक्याला वजन आहे किंवा ठेका डुलतो असं आपण म्हणतो ते हेच, बोल तेच, मात्रा त्याच, आणि एकाच्या हातात तो ठेका जिवंत असतो न् दुसऱ्याच्या हातात नुसता मोजलेला. अय्यरने ते मोजून, कारण देऊन, आणि मुख्य म्हणजे काळ्या वादकांच्या पिढ्यांना त्याचं श्रेय देऊन मांडलं.

आणि नसरीनची रेघ तीच गोष्ट आहे. मोजलेली, पण हाताने मारलेली. केसभराचा फरक. मला हा दुवा फार खरा वाटतो. हा माणूस आयुष्यभर हेच सांगतोय की काटेकोरपणा आणि शरीर या विरुद्ध गोष्टी नाहीत, आणि त्याला अशी एक चित्रकार सापडली जी नुसत्या पट्टी आणि पेनने हेच करत बसली होती.

ट्रम्पेटला स्मिथ असणं हाही योगायोग नाही. वाडाडा लिओ स्मिथ १९४१ चे, मिसिसिपीतल्या लेलँड गावचे, शिकागोच्या एएसीएम या काळ्या संगीतकारांच्या संस्थेतले जुने सदस्य. त्यांच्या गोल्डन क्वार्टेट या चौघांच्या बँडमध्ये अय्यर काही वर्षं पियानोवर होता, म्हणजे नातं गुरुबंधूचं नाही, जवळजवळ गुरु-शिष्याचंच. आणि स्मिथ स्वतः संगीत चितारतात. त्यांची आन्क्रॅस्मेशन नावाची स्वतःची लिपी आहे, पाच ओळींवरच्या नोटेशनऐवजी रंगीत आकार, वळणं, पट्टे. वाजवणाऱ्याने त्या रंगाचा, आकाराचा स्वतः अभ्यास करून त्याला काय वाजवायचं ते ठरवायचं. ही पानं २०१५ मध्ये शिकागोच्या रेनेसाँ सोसायटीत चित्रांसारखी भिंतीवर लावली होती आणि ती तशी बघायलाही सुंदर आहेत. म्हणजे ज्या माणसाला रेघ बघून स्वर काढायची सवय आहे तोच इथे नसरीनसमोर ट्रम्पेट घेऊन उभा आहे.

प्रत्यक्ष ऐकताना काय होतं ते सांगते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वाटेल काही घडतच नाहीये. स्मिथ एक लांब स्वर लावतात आणि तो एका जाडीचा राहत नाही, मधे किंचित फुटतो, हवेचा आवाज येतो, मग सावरतो. त्याच्याखाली अय्यर लगेच काही भरत नाही, मोकळं ठेवतो. कुठे पियानोचे दोन चार स्वर, कुठे फेंडर ऱ्होड्सचा तो जुना इलेक्ट्रिक, घंटेसारखा आवाज, कुठे नुसती इलेक्ट्रॉनिक्सची खालची घुमणारी धार जी ऐकू येते का अंगाला जाणवते हे नक्की सांगता येत नाही. चांगले हेडफोन लावाच, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा अर्धा अल्बम ऐकूच येणार नाही. 'लॅबिरिन्थ्स'मध्ये मात्र दोघं एकमेकांत गुंततात, टोकदार तुकडे, पियानो पळायला लागतो, आणि तेव्हा लक्षात येतं की आधीची सगळी मोकळी जागा मोजून ठेवलेली होती. मी हेडफोन लावून ऐकताना स्मिथचा एखादा स्वर संपेपर्यंत माझा श्वास धरलेला असतो. बोर्डावर असायचा तसाच.

हा अल्बम फक्त सुईटचा नाहीये हेही सांगायला हवं, सुरुवातीला अय्यरची 'पॅसेज' आणि शेवटी स्मिथ यांची 'मॅरियन अँडरसन' अशा दोन स्वतंत्र रचना आहेत.

आता चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य संगीताची बाजू. जॅझवाला माणूस स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) लिहितो म्हटलं की लोकांना शंका येते, पण अय्यर तिसऱ्या वर्षापासून व्हायोलिन शिकलाय, पंधरा वर्षं, रीतसर वेस्टर्न क्लासिकल. उलट पियानोच त्याचा बराचसा कानाने उचललेला, स्वतःचा स्वतः. २०१४ चा 'म्युटेशन्स' ऐका. स्ट्रिंग क्वार्टेट, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स, दहा भाग, मूळ रचना २००५ ची. भागांची नावं 'एअर', 'राइज', 'कॅनन', 'चेन' अशी, एखाद्या बारीकशा हालचालीतून, कंपातून पुढचं सगळं वाढत जातं. काही ठिकाणी सगळं लिहून दिलंय, काही ठिकाणी निवड वादकांवर सोडलीय. मला हे पहिल्यांदा थंड वाटलं होतं आणि अजूनही काही भाग थंडच वाटतात, उगाच खोटं का बोला, पण 'वेव्ज' नावाचा भाग परत परत ऐकावासा वाटतो. ब्रूकलिन रायडर या क्वार्टेटसाठी त्याने 'डिग द से' लिहिलं ते फंक गायक जेम्स ब्राऊनच्या आठवणीत, म्हणजे चार तंतुवाद्यांवर फंक. ते मात्र पहिल्या फटक्यात आवडतं. आणि व्हायोलिनिस्ट जेनिफर को हिच्यासाठी लिहिलेला 'ट्रबल' हा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा), २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय फेस्टिव्हलला पहिल्यांदा झाला, त्या वर्षी फेस्टिव्हलचा संगीत दिग्दर्शकही तोच होता. त्यातला एक भाग व्हिन्सेंट चिनसाठी आहे, १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ वंशद्वेषातून मारला गेलेला चिनी वंशाचा तरुण. अय्यरच्या कामात हे सगळीकडे आहे, तो कधी नुसता सुंदर आवाज करायला बसत नाही.

दृश्य आणि संगीत असा त्याचा दुसरा मोठा प्रयोग म्हणजे 'राधे राधे: राइट्स ऑफ होली'. स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ला २०१३ मध्ये शंभर वर्षं झाली, त्यासाठी नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या कॅरोलायना परफॉर्मिंग आर्ट्सने त्याला काम दिलं. त्याने प्रशांत भार्गवला बरोबर घेतलं, 'पतंग' हा अहमदाबादच्या उत्तरायणावरचा सिनेमा केला होता तो दिग्दर्शक. भार्गवने मथुरेकडे जाऊन होळीच्या दिवसांत शूटिंग केलं आणि अय्यरने इंटरनॅशनल कंटेम्पररी एन्सेम्बल या गटासाठी संगीत लिहिलं, सिनेमा पडद्यावर आणि वादक समोर. आपल्याला मथुरेची होळी टीव्हीवर बघून बघून पाठ झालेली असते, पण इथे कॅमेरा गर्दीत इतका आत आहे, गुलाल, घाम, दात, पगड्या, धक्काबुक्की, आणि खाली ड्रम्स, तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, की ढोलक किंवा होरी न वापरता होळी उभी राहते. त्यातली राधेच्या रूपातल्या अभिनेत्रीची दृश्यं मला तितकी पटली नाहीत, खऱ्या गर्दीपुढे ती मांडून ठेवलेली वाटतात. भार्गव २०१५ मध्येच गेला, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. अजून बरंच काही केलं असतं त्याने.

'राधे राधे'मध्ये संगीत चित्राच्या अंगावर धावून येतं आणि नसरीनच्या सुईटमध्ये ते बाजूला सरकून जागा देतं, आणि दोन्ही एकाच माणसाचं काम आहे. लेखक-फोटोग्राफर टेजू कोलबरोबर त्याने 'ब्लाइंड स्पॉट' केलं, त्यात फोटो, वाचन आणि पियानो, तिथे परत तिसरीच पद्धत. प्रत्येक चित्रकाराकडून तो ऐकायची नवी रीत शिकतो असं मला वाटतं.

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही हं. मुंबईला वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती, पन्नास-साठच्या दशकात. समुद्राकाठचा मोठा बंगला, त्यात गायतोंडे, हुसेन वगैरेंचे स्टुडिओ, अल्काझींचं थिएटर, रविशंकरांचं किन्नर संगीत विद्यालय, आणि नसरीनचाही स्टुडिओ तिथेच. म्हणजे रेघ मारता मारता खिडकीतून सतार ऐकू येणार असं ते घर. नसरीनला शास्त्रीय संगीताची ओढ होती हे तिच्या जवळच्या लोकांनी सांगितलेलंच आहे. त्या बंगल्याच्या जागी आता टॉवर आहे. आपल्याकडच्या चित्रकला आणि संगीताच्या एकत्र घराबद्दल बोलायचं तर मला हाच बंगला आधी आठवतो, आणि अय्यरने न्यूयॉर्कच्या गॅलरीत जे केलं ते त्या बंगल्यात घडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं.

कुणी विचारलं कुठून ऐकायला लागू, तर माझं सांगणं असं की थेट नसरीनच्या सुईटपासून लागू नका. आधी २००९ चा 'हिस्टोरिसिटी', त्यात पियानो-बास-ड्रम्सचं त्रिकूट आहे, आणि 'मिस्टिक ब्रू' नावाच्या गाण्यात त्याने तीन-पाच, पाच-आठ, आठ-तेरा अशी लयीची विभागणी केलीय. तालाची सवय असलेल्या कानाला तिथे लगेच घरचं वाटेल. मग २०११ चा 'तीर्थ', प्रसन्नाची गिटार आणि नितीन मित्ताचा तबला. मग 'डिग द से'. मग नसरीनची चार-पाच चित्रं मोठ्या स्क्रीनवर नीट बघा, आणि त्यानंतरच सुईट लावा, सलग, मधे मेसेज न बघता. २०२५ मध्ये अय्यर आणि स्मिथ यांचा पुढचा अल्बम आलाय, 'डिफायंट लाइफ', त्यात एक रचना काँगोचा नेता पॅट्रिस लुमुंबासाठी आहे आणि एक गाझातला कवी रिफात अलअरीरसाठी, तो त्यानंतर ऐका.

आणि एक मागणं. नसरीनची मूळ चित्रं आणि हा सुईट एकाच खोलीत, मुंबईत कुणीतरी एकदा करावं. रेकॉर्डिंग लावलं तरी चालेल, चार चांगले स्पीकर, भिंतीवर दहा-बारा कागद, आणि भिंतीवरच्या माहितीत किहीमचं नाव मराठीत लिहिलेलं. पुण्याहून आम्ही गाडी भरून येऊ.